केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मोजायचं कसं: पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी वाचून घ्या

२५ मिलि, २५.० मिलि आणि २५.०० मिलि. गणितात हे तिन्ही आकडे एकच, पण केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं सांगतं की मी साधारण मोजलंय, एखादा मिलि इकडेतिकडे असू शकतो. दुसरं सांगतं की मेजरिंग सिलेंडर डोळ्यासमोर धरून नीट वाचलाय. तिसरं सांगतं की पिपेट (ठरलेलं आकारमान ओढून सोडायची काचेची नळी) किंवा ब्युरेट (खाली चावी असलेली, रेघा आखलेली उभी नळी) वापरली आहे आणि दुसऱ्या दशांश स्थळापर्यंतची जबाबदारी मी घेतोय. म्हणजे शेवटचा शून्य हा नुसता शून्य नसतो, तो तुम्ही कशाने आणि किती काळजीने मोजलंत याची नोंद असतो. नवीन विद्यार्थ्यांना सूत्रं पाठ असतात, रिअॅक्शन लिहिता येतात, पण हा शेवटचा अंक कुठून आणायचा हे कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं, म्हणून हे सगळं सुरुवातीपासून लिहितोय.

पायरी १: आकड्याला एकक चिकटवा, आणि गणितातही ते काढू नका

केमिस्ट्रीत सुरुवातीला लागणारी एककं मोजकीच आहेत. वस्तुमान ग्रॅममध्ये, आकारमान मिलिलिटर किंवा लिटरमध्ये, तापमान सेल्सिअस किंवा केल्व्हिनमध्ये आणि पदार्थाचं प्रमाण मोलमध्ये. १ मिलि म्हणजे बरोबर १ घन सेंटिमीटर, आणि १ लिटर म्हणजे १ घन डेसिमीटर. मिलि म्हणजे हजारावा भाग, सेंटी शंभरावा, मायक्रो दहा लाखावा, किलो म्हणजे हजारपट. एवढं डोक्यात पक्कं बसवा. मोलबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या, २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या सरळ एका ठरवून दिलेल्या संख्येवर आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे १ मोल. किलोग्रॅमची व्याख्याही त्याच दिवशी बदलली, पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून ती प्लँकच्या स्थिरांकावर आली.

एकक सोबत का ठेवायचं हे एका खऱ्या घटनेवरून जास्त चांगलं कळतं. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एक बोईंग ७६७ उडायच्या तयारीत होतं, इंधन हवं होतं २२,३०० किलो. इंधन मोजायची यंत्रणा बिघडलेली असल्याने टाकीत पट्टी घालून मोजलं तर निघालं ७,६८२ लिटर. आता लिटरचे किलो करायला घनता लागते, ती कागदावर होती १.७७, म्हणून ७,६८२ ला १.७७ ने गुणलं, आले १३,५९७, आणि ते किलो समजून पुढचा हिशोब झाला. पण १.७७ हे पाउंड प्रति लिटर होतं, किलो प्रति लिटर नव्हतं. किलोमध्ये हवं तर आकडा साधारण ०.८०३ लागतो, म्हणजे टाकीत खरं तर ६,१७० किलोच्या आसपासच इंधन होतं. भरायला हवं होतं २०,००० लिटरहून जास्त आणि भरलं गेलं ४,९१७ लिटर. विमानाची दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली, वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले.

आता हाच हिशोब एककांसकट लिहून बघा: ७,६८२ लिटर × १.७७ पाउंड/लिटर. लिटर-लिटर कटलं, उरलं काय? पाउंड. किलो कुठून येणार? एकक लिहिलं असतं तर चूक कागदावर स्वतःहून दिसली असती. म्हणून माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे, गणित करताना प्रत्येक ओळीत एकक लिहा, वरची-खालची एककं पेनने काटा, आणि शेवटी उरलेलं एकक तुम्हाला हवं असलेलंच आहे का ते बघा. उत्तर मोल यायला हवं आणि ग्रॅम वर्ग आलं तर सूत्र उलटं लागलंय, पुढे जाऊच नका.

पायरी २: काय मोजायचंय ते ठरवून मग भांडं उचला

बीकरवर रेघा असतात म्हणून तो मोजायचं भांडं आहे असं वाटतं, पण त्या रेघा नुसत्या अंदाजासाठी असतात, साधारण ५ टक्के मागेपुढे. १०० मिलिच्या खुणेपर्यंत भरलं तर आत ९५ असेल किंवा १०५ असेल. विरघळवायला, गरम करायला बीकर उत्तम, मोजायला नाही. कॉनिकल फ्लास्कचंही तेच.

मेजरिंग सिलेंडर त्याच्या वरचा. आणि खरी काटेकोर काचेची भांडी तीन: पिपेट, ब्युरेट आणि स्टँडर्ड फ्लास्क (लांब मानेवर एकच खूण असलेला). ए क्लासची, म्हणजे सगळ्यात काटेकोर दर्जाची, २५ मिलि पिपेट फार तर ०.०३ मिलि चुकते, ५० मिलि ब्युरेट ०.०५, आणि १०० मिलिचा स्टँडर्ड फ्लास्क ०.०८ मिलि. बीकरच्या ५ मिलिशी तुलना करून बघा म्हणजे फरक लक्षात येईल.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही. स्टँडर्ड फ्लास्क हा आत किती मावतं यासाठी आखलेला असतो, पिपेट आणि ब्युरेट बाहेर किती येतं यासाठी. म्हणून पिपेट रिकामी केल्यावर टोकाशी जो थेंब राहतो तो हिशोबात आधीच धरलेला असतो, तो फुंकून बाहेर काढायचा नाही, फक्त टोक भांड्याच्या भिंतीला हलकेच टेकवायचं, जेवढं यायचं तेवढं येतं. (काही पिपेटी फुंकूनच रिकाम्या करायच्या असतात, पण त्यांच्यावर तशी खूण असते, वापरण्याआधी बघून घ्या. आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही, कधीच नाही, रबरी बल्ब वापरा.) या भांड्यांवर २० अंश सेल्सिअस असंही लिहिलेलं दिसेल, म्हणजे ती त्या तापमानाला बरोबर आहेत. स्टँडर्ड फ्लास्कमध्ये गरम द्रावण ओतून खुणेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते आणि तुमचं द्रावण ठरवल्यापेक्षा जास्त तीव्र होतं, म्हणून आधी बीकरमध्ये विरघळवा, थंड होऊ द्या, फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने धुऊन तेही पाणी आत घ्या आणि शेवटचं थोडं पाणी ड्रॉपरने थेंबथेंब घालून खुणेला आणा.

पायरी ३: ब्युरेट वाचायला शिका, बाकी सगळं आपोआप येतं

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण ब्युरेट नीट वाचता आली की सिलेंडर, पिपेट, थर्मामीटर सगळं वाचता येतं.

आधी ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने थोडं थोडं घेऊन दोनदा धुवा. नुसत्या पाण्याने धुऊन भरली तर आतल्या पाण्याने द्रावण पातळ होतं. भरल्यावर स्टॉपकॉक (खालची फिरवायची चावी) एकदम पूर्ण उघडा म्हणजे त्याच्या खाली अडकलेला हवेचा बुडबुडा निघून जाईल. हा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशनच्या (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून रिअॅक्शन पूर्ण व्हायला किती लागतं ते मोजण्याच्या) मध्ये निघाला तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न जाताच तुमच्या रीडिंगमध्ये मोजलं जातं. मग वरचं फनेल काढून ठेवा, त्यातून नंतर एक थेंब पडला तरी रीडिंग बिघडतं. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलि, कमी नाही.

आता पातळीकडे बघा. काचेत पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, कडेने वर चढलेला आणि मध्ये खोलगट असतो, कारण पाणी काचेला धरून राहतं. या वक्राला मेनिस्कस म्हणतात आणि त्याचा सगळ्यात खालचा बिंदू वाचायचा. डोळे बरोबर त्या बिंदूच्या पातळीत आणा, गरज पडली तर वाका किंवा ब्युरेट स्टँडवर खालीवर करा. वरून बघितलं तर पातळी आहे त्यापेक्षा वर दिसते, खालून बघितलं तर खाली, यालाच पॅरालॅक्स म्हणतात. एक युक्ती सांगतो, पांढऱ्या कार्डावर काळी जाड पट्टी ओढा आणि ते कार्ड ब्युरेटच्या मागे असं धरा की काळ्या पट्टीची वरची कड मेनिस्कसच्या किंचित खाली येईल, मेनिस्कसचा तळ एकदम काळा आणि रेखीव दिसतो, अंदाज करायची गरजच राहत नाही.

पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद जांभळं असतं की खालचा मेनिस्कस दिसतच नाही. तिथे वरची कड वाचा. चालतं का? हो चालतं, कारण आपल्याला हवा असतो सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगमधला फरक, दोन्ही वेळा वरचीच कड वाचली की फरक बरोबर येतो. फक्त एकदा वरची आणि एकदा खालची असं करू नका. थर्मामीटरमधला पारा काचेला धरत नाही, तो उलटा फुगीर असतो, तिथे माथा वाचायचा.

मग शेवटचा अंक. ब्युरेटवर सगळ्यात लहान भाग ०.१ मिलिचा असतो, हा झाला लीस्ट काउंट. समजा पातळी १२.३ च्या खाली आणि १२.४ च्या वर आहे (ब्युरेटमध्ये शून्य वर असतो आणि आकडे खाली वाढत जातात, सिलेंडरच्या बरोब्बर उलटं, पहिल्या दिवशी इथे हमखास घोटाळा होतो). त्या दोन रेघांमधलं अंतर मनात दहा भागांत वाटा आणि मेनिस्कस कितव्या भागावर आहे ते ठरवा. साधारण मध्याच्या जरा पुढे वाटतंय? मग १२.३६. यातले १२.३ पक्के आणि ६ हा अंदाजाचा, पण तो उपयोगाचा अंदाज आहे, तो टाकून द्यायचा नाही. आणि पातळी अगदी रेघेवर असेल तर १२.४ लिहू नका, १२.४० लिहा. नियम एवढाच, रेघा असलेल्या साधनात सगळ्यात लहान भागाच्या पुढे एक अंक अंदाजाने, आणि डिजिटल साधनात स्क्रीनवर जे दिसतं ते सगळंच्या सगळं, शेवटच्या शून्यासकट. बॅलन्स २.५०० दाखवतोय आणि जर्नलमध्ये २.५ आलं तर दोन अंकांची माहिती फुकट गेली.

पायरी ४: बॅलन्सवर घाई नको

बॅलन्स सुरू करून थोडा वेळ स्थिर होऊ द्या, त्यावरचा छोटा बुडबुडा गोलाच्या मध्यभागी आहे का बघा, नसेल तर पाय फिरवून आणा. पदार्थ थेट पॅनवर कधीच ठेवू नका, वॉच ग्लास किंवा वजनाची बोट ठेवा, टेअर (भांड्याचं वजन वजा करणारं बटण) दाबून शून्य करा, मग पदार्थ घ्या. अॅनालिटिकल बॅलन्स असेल तर काचेची दारं बंद करूनच वाचा, श्वासाच्या हवेनेही चौथा दशांश नाचतो.

पहिल्या वर्षी एक क्रुसिबल (खूप तापवायची छोटी वाटी) भट्टीतून काढून मी दोन-तीन मिनिटांतच बॅलन्सवर ठेवली होती. हाताला फार गरम लागत नव्हती. आकडा स्थिर होईना, हळूहळू वर वर चढत राहिला, मला वाटलं बॅलन्स बिघडला. बॅलन्स ठीक होता. गरम वस्तूच्या भोवतीची हवा तापून वर जाते आणि तो प्रवाह वस्तूला किंचित उचलतो, म्हणून वजन कमी भरतं आणि थंड होईल तसं खऱ्या आकड्याकडे सरकतं. तेव्हापासून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण थंड झाल्याशिवाय काहीही वजन करायचं नाही हे माझ्या अंगवळणी पडलंय.

उलटा प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडचा. त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, तुमच्या डोळ्यादेखत ओलसर होतात आणि वजन वाढत जातं. पटकन वजन करा आणि तरीही त्या वजनावरून काढलेली मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल) अंदाजेच धरा, खरी मोलॅरिटी ऑक्झॅलिक अॅसिडच्या स्टँडर्ड (मोलॅरिटी नेमकी माहीत असलेल्या) द्रावणाशी टायट्रेशन करूनच काढायची असते. बॅलन्सने दाखवलेले चार दशांश खरेच आहेत, पण ते गोळ्या अधिक पाणी असं एकत्र वजन आहे.

पायरी ५: सारखं येणं आणि बरोबर येणं वेगळं

तीन रीडिंग्ज एकसारखी आली की आपण खूश होतो. पण समजा कुणी पिपेटचा शेवटचा थेंब दर वेळी फुंकून काढतोय, तर त्याच्या पिपेटमधून दर वेळी २५.०७, २५.०८, २५.०७ असं येईल. छान जुळतंय, याला नेमकेपणा म्हणा. पण तिन्ही खऱ्या २५.०० पासून लांब आहेत, म्हणजे अचूकता नाही. असली चूक पुन्हा पुन्हा मोजून सापडत नाही, सरासरी काढूनही जात नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला ढकलते. ती पकडायची तर वेगळ्या मार्गाने तपासावं लागतं.

हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. कोरडा झाकणाचा फ्लास्क वजन करा, पिपेटने २५ मिलि डिस्टिल्ड वॉटर त्यात सोडा, परत वजन करा. २५ अंशाला पाण्याची घनता ०.९९७० ग्रॅम प्रति मिलि, म्हणजे २४.९३ ग्रॅम यायला हवं. बॅलन्सवर मात्र २४.९० च्या आसपास दिसेल, कारण हवासुद्धा पाण्याला थोडी उचलून धरते आणि वजन साधारण ०.१ टक्का कमी भरतं. थेंब फुंकलात तर २४.९७ च्या आसपास जाईल. पाच-सहा वेळा करा, आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत त्यावरून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळेल, आणि सरासरी २४.९० पासून किती लांब आहे त्यावरून तुमची पद्धत बरोबर आहे का ते कळेल.

पायरी ६: कॅल्क्युलेटर जे दाखवतो ते सगळं उत्तर नसतं

आता सार्थ अंक, म्हणजे मापातले जे अंक खरोखर मोजलेले असतात ते, शेवटच्या अंदाजाच्या अंकासकट. शून्य सोडून सगळे अंक सार्थ, मधले शून्य सार्थ (१०.०५ मध्ये चार), सुरुवातीचे शून्य फक्त जागा दाखवतात (०.००४२ मध्ये दोनच), दशांश चिन्हानंतर शेवटी आलेले शून्य सार्थ (४.२० मध्ये तीन). १५०० मध्ये किती हे सांगता येत नाही, म्हणून तीन म्हणायचे असतील तर १.५० गुणिले १० चा ३ रा घात असं लिहा. एक-दोन-तीन अशा मोजलेल्या वस्तू (३ टेस्ट ट्यूब) आणि व्याख्येने ठरलेले आकडे (१ लिटरमध्ये १००० मिलि) यांना ही मर्यादा नाही.

हिशोबाचे नियम दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळं बघायची: १८.२ + ०.४५६ चं उत्तर १८.६५६ नाही, १८.७. गुणाकार-भागाकारात सार्थ अंक बघायचे, सगळ्यात कमी ज्याचे तेवढेच उत्तरात. आणि राउंड ऑफ फक्त शेवटी, मध्ये प्रत्येक ओळीला केलं तर चूक साचत जाते.

एक उदाहरण पूर्ण बघू, कारण नियम पाठ करून हे समजत नाही. अॅल्युमिनियमचा तुकडा, वजन १३.५२ ग्रॅम. ५० मिलिच्या सिलेंडरमध्ये पाणी २५.० मिलि, तुकडा सिलेंडर तिरका धरून हळूच आत सरकवला (वरून टाकला तर पाणी उडतं, काच फुटूही शकते), पातळी ३०.० मिलि. आकारमान ५.० मिलि. घनता कॅल्क्युलेटरवर २.७०४. पण बघा काय झालंय, २५.० आणि ३०.० दोन्हीत तीन सार्थ अंक होते आणि वजाबाकीनंतर ५.० मध्ये दोनच राहिले. वजाबाकी अशी गुपचूप अंक खाते. प्रत्येक रीडिंगमध्ये ०.१ मिलि इकडेतिकडे धरलं तर आकारमान ४.८ ते ५.२ कुठेही असू शकतं आणि घनता २.६ ते २.८. म्हणून उत्तर २.७ ग्रॅम प्रति मिलि, २.७०४ लिहिणं म्हणजे न मोजलेलं मोजलं म्हणून सांगणं.

बॅलन्स आणखी महागातला आणला तर सुधारेल? अजिबात नाही, अडचण सिलेंडरमध्ये आहे. मग काय करायचं, चौपट मोठा तुकडा घ्या: ५४.०८ ग्रॅम, पातळी २५.० वरून ४५.०, आकारमान २०.० मिलि, घनता २.७०. तोच सिलेंडर, तोच हात, आणि एक अंक जास्त मिळाला. प्रयोग सुरू करायच्या आधी कुठलं माप सगळ्यात ढिलं आहे ते शोधायचं आणि मेहनत तिथे घालायची, मला तरी मोजमापातला सगळ्यात मोलाचा धडा हाच वाटतो.

पायरी ७: तापमान, थोडक्यात

केल्व्हिन = सेल्सिअस + २७३.१५. पण तापमानातला फरक दोन्हीत सारखाच असतो, पाणी २५.० वरून ३१.५ अंशाला गेलं तर फरक ६.५ अंश सेल्सिअस आणि ६.५ केल्व्हिनच, तिथे २७३ मिळवायचे नाहीत. थर्मामीटरचा बल्ब द्रवात पूर्ण बुडालेला असावा पण भांड्याच्या तळाला टेकू नये, आणि थर्मामीटरने ढवळू नका, त्यासाठी काचेची कांडी असते.

पायरी ८: जर्नलमध्ये आधी रीडिंग, मग विचार

रीडिंग घेतलं की लगेच पेनने, थेट ऑब्झर्वेशन टेबलमध्ये. हातावर नाही, चिटोऱ्यावर नाही. वरच्या ओळीत जे मोजलं त्याचं नाव आणि एकक, खाली सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग दोन्ही, नुसता फरक नको, कारण वजाबाकीत चूक झाली तर परत बघता यायला हवं. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि कारण लिहा.

आणि इथे मनापासून एक विनंती. तिसरं रीडिंग आधीच्या दोनशी जुळलं नाही तर ते जुळवून लिहू नका. मार्कांसाठी सगळे करतात हे मला माहीत आहे, पण न जुळणारं रीडिंग बऱ्याचदा काहीतरी सांगत असतं: बुडबुडा होता, एंड पॉइंट (रंग बदलतो ती थांबायची वेळ) पुढे गेला, फ्लास्कमध्ये आधीचं द्रावण होतं. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते तेव्हा हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरत होता आणि रासायनिक संयुगांतून तयार केलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोन सार्थ अंकांत लिहिलं असतं तर दोन्ही १.३ आणि प्रश्नच मिटला असता. रॅले यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, फरक जाईना, तेव्हा १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र छापून याचं कारण कुणाला सुचतंय का असं उघडपणे विचारलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांच्यासोबत काम करून १८९४ मध्ये कारण सापडलं, हवेत साधारण १ टक्का एक जड, कशाशीच रिअॅक्शन न करणारा वायू होता जो नायट्रोजनसोबत मोजला जात होता. तो आर्गॉन.